दुसरी सही

दवाखान्याला पैसे देणाऱ्या मदत संस्था तीन होत्या, आणि तिघींची तोंडं तीन दिशांना होती. त्यांची लांबलचक नावं कुणाच्या जिभेवर बसत नसत, म्हणून त्यांच्या जीपच्या रंगावरून सगळे त्यांना निळे, पिवळे आणि पांढरे म्हणत. निळ्यांना हिशोब दर महिन्याला हवा, पिवळ्यांना तिमाहीला, आणि पांढऱ्यांना मनात येईल तेव्हा. निळ्यांचे पैसे एका बँकेत, पिवळ्यांचे दुसरीत. पांढरे म्हणत, बँक कुठलीही चालेल, पण मॅनेजरचं पत्र आणा. दारावरची पाटीसुद्धा ज्याला त्याला आपलीच हवी. म्हणून तीन पाट्या करून ठेवलेल्या होत्या, आणि वळणावर ज्याची जीप दिसेल त्याची पाटी खिळ्यावर चढत असे. हे काम घाईमामाचं. घाईमामा म्हणजे दवाखान्याचा ड्रायव्हर. चहासुद्धा तो उभ्याने प्यायचा, म्हणून हे नाव.

असा हा तीन सासवांचा संसार बरा चालला होता. आणि एक दिवस पत्र आलं की तिघींचं एकमत झालं आहे.

यापुढे पैसे देण्याची, वापरण्याची आणि तपासण्याची पद्धत एकच. तिघींच्या वतीने एकच तपासनीस येईल, सगळं बघेल आणि एक शेरा देईल. शेरा ‘धोका कमी’ असा आला, तर तीन महिन्यांचे पैसे आगाऊ हातात. ‘धोका जास्त’ असा आला, तर आगाऊ काही नाही. दवाखान्याने खरेदी ठरवायची, बिल पाठवायचं, संस्था ते तपासून मग तेवढेच पैसे दवाखान्याच्या खात्यात टाकणार. पगाराचंही तसंच.

ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. पण डिझेलवाला आठवड्यापलीकडे उधार ठेवत नसे, वीज दिवसातून अर्धा वेळ नसे, आणि लशी फ्रीजमध्ये असत. आगाऊ पैसे थांबले की डिझेल थांबणार, डिझेल थांबलं की फ्रीज, आणि फ्रीज थांबला की तीन वस्त्यांवरची उपकेंद्रं कुलूप लावून घरी. हे सांगायला कुणी हिशोबनीस लागत नव्हता.

“एका दृष्टीने बरंच झालं,” भावोजी म्हणाले. पण पत्र त्यांनी दोनदा वाचलं, आणि घडी घालताना ती चुकली, तेव्हा वहिनीच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

वहिनी म्हणजे दवाखाना सुरू करणाऱ्या डॉक्टरांची बायको. डॉक्टर गेल्यावर त्यांचा धाकटा भाऊ सगळं बघू लागला. तो तिचा दीर, म्हणून भावोजी. बाकीचे त्यांना साहेब म्हणत. चेकवर दोन सह्या लागत. पहिली भावोजींची, दुसरी वहिनीची. भावोजी सारखे बाहेरगावी, डिझेलवाला सारखा दारात, म्हणून सोय अशी लागली होती की नवीन चेकबुक आलं की वहिनी शेंगा सोलायला बसावं तशी बसायची आणि पहिल्यापासून शेवटच्या चेकपर्यंत आपली सही ठोकून मोकळी व्हायची. मग वर कुणाचं नाव, किती रक्कम, ते भावोजी बघत. इतक्या वर्षांत तिने कधी विचारलं नाही. घरच्या माणसाला काय विचारायचं? आणि हे तिला विश्वासाचं काम वाटे, थोडं अभिमानाचंसुद्धा.

तपासनीस बाई ठरलेल्या दिवशी आल्या त्या वेळेच्या आधी. घाईमामाला पाटी लावायलाही सवड मिळाली नाही. आणि लावणार तरी कुठली? तो तिन्ही पाट्या काखेत धरून दारात उभा राहिला. बाईंनी त्याच्याकडे बघितलं, पाट्यांकडे बघितलं, आणि म्हणाल्या, “राहू द्या, मला पत्ता सापडलाय.”

वयाने त्या वहिनीच्या भाचीएवढ्या असतील. चहा नको म्हणाल्या, नियम आहे म्हणाल्या, आणि आपल्या बाटलीतलं पाणी प्यायल्या. बोलणं कमी. मात्र एक सवय होती. कुठलीही वस्तू दिसली की ताप बघावा तसा हाताचा मागचा भाग तिला लावायच्या. फ्रीजला लावला, औषधांच्या कपाटाला लावला, खुर्चीच्या पाठीलासुद्धा लावला. दुपार व्हायच्या आत दवाखान्यात त्यांचं नाव थर्मामीटर पडलं होतं.

“उपकेंद्रं बघू,” त्या म्हणाल्या. “आधी वीटभट्टीचं.”

“आधी नदीकाठचं जवळ पडेल,” भावोजी पटकन म्हणाले.

“मला लांबचं आधी आवडतं. आणि वहिनी, तुम्ही माझ्याबरोबर बसा. गप्पा होतील.”

भावोजींचा चेहरा उतरला. बाई बूट घालत होत्या तेवढ्यात त्यांनी घाईमामाला खांबाआड नेऊन काहीतरी सांगितलं. घाईमामा दवाखान्याचा टेम्पो घेऊन जो सुटला तो धुळीत दिसेनासा झाला. वहिनीने हे सगळं बघितलं. ‘कर नाही त्याला डर कशाला,’ ती मनात म्हणाली, आणि बाईंच्या जीपमध्ये चढली.

जीपमध्ये गप्पा काही झाल्या नाहीत. बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. मध्येच म्हणाल्या, “तुमच्या ड्रायव्हरला आडवाटा चांगल्या माहीत आहेत.”

वीटभट्टीचं उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या आणि मागे पत्र्याची शेड. शेडमध्ये जनरेटर होता, त्यावर पिवळ्यांचा स्टिकर होता, कारण हे उपकेंद्र पिवळ्यांच्या पैशांतलं. बाई म्हणाल्या, चालू करून दाखवा. घाईमामा तिथे हजर होताच, कपाळावरचा घाम पुसत. त्याने दोरी ओढली. दोरीच्या टोकाला मूठ म्हणून लाटण्याचा अर्धा तुकडा बांधलेला होता. तो बघून वहिनीला जरा बरं वाटलं. ते लाटणं तिच्याच स्वयंपाकघरातलं. मूठ तुटली म्हणून घाईमामा लाकूड मागायला आला होता, आणि तिने चुलीला लागून एका बाजूने करपलेलं लाटणं त्याला मोडून दिलं होतं. म्हटलं, आपलीही वस्तू कामाला लागली.

बाई मग सिस्टरशी लशींबद्दल बोलत बसल्या. चांगल्या निवांत बसल्या. सिस्टरला घाम फुटेपर्यंत एकेक विचारत राहिल्या. तेवढ्यात मागे टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. बाईंनी मान वर केली नाही.

नदीकाठचं उपकेंद्र निळ्यांचं. तिथेही मागे शेड, शेडमध्ये जनरेटर, जनरेटरवर निळा स्टिकर. स्टिकरचा एक कोपरा उचललेला. आणि दोरीला लाटण्याचा तुकडा, एका बाजूने करपलेला.

वहिनीने शेडच्या खांबाला हात टेकला.

बाई खाली वाकल्या, सायलेन्सरला हाताचा मागचा भाग लावला, आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. “हा शेवटचा कधी चालवला होता?”

“परवा,” तिथली सिस्टर म्हणाली. शेजारी घाईमामा आभाळाकडे बघत होता.

“परवा,” बाई म्हणाल्या. वहीत काही लिहिलं नाही. चेहऱ्यावर काही आलं नाही. “तिसरं उपकेंद्र उद्या बघू. टेम्पोलाही जरा दम खाऊ दे.”

परतीच्या वाटेवर वहिनीला एकच गोष्ट दिसत होती. तीन जनरेटर, तीन बिलं, तीन चेक, आणि तिन्ही चेकांवर आपली सही. आणि जनरेटर एक. मग बाकी दोघांचे पैसे गेले कुठे?

संशयाचं एक असतं, तो एकदा घरात शिरला की बसायला पाट मागत नाही. सगळ्या खोल्यांतून फिरून येतो. वहिनी घरी आली आणि तिची नजर पहिल्यांदा गेली ती माडीवर. गेल्याच वर्षी भावोजींनी माडीवर नवीन खोली बांधली होती. चांगली हवेशीर, दोन खिडक्यांची. तेव्हा वहिनीने कौतुक केलं होतं, पडदेसुद्धा तिनेच शिवले होते. आता त्याच खिडक्यांकडे बघताना तिच्या मनात आलं, दवाखान्याच्या पगारात तर बादली घ्यायचीसुद्धा पंचाईत होते.

“माडीवरच्या खोलीच्या विटा कुठून आणल्या होत्या गं?” तिने धाकट्या जावेला सहज विचारावं तसं विचारलं.

“आमच्या दादाने दिल्या ना, ताई! त्याचीच भट्टी आहे,” जाऊ म्हणाली. मग हातातलं काम थांबवून तिने वहिनीकडे बघितलं. “का हो?”

“काही नाही, असंच.”

असंच कुणी काही विचारत नाही, हे दोघींनाही माहीत होतं.

संध्याकाळी भावोजी पडवीत फोनवर बोलत होते. आवाज दबका होता. वहिनी दाराशी थांबली. आयुष्यात कधी तिने कुणाचं बोलणं चोरून ऐकलं नव्हतं, आणि आता ऐकताना तिला स्वतःचीच लाज वाटत होती, पण पाय हलेनात.

“दोन्ही पाहिजेत, उद्या सकाळच्या आत,” भावोजी म्हणत होते. “अरे, मग आता कसं करू मी? ... ते मला माहीत नाही. जसे आहेत तसे दे. ... नाही, नाही, दुसरीकडे कुठे न्यायचे नाहीत, बाहेर कळता कामा नये.”

वहिनीला वाटलं, आता यात कळायचं राहिलंय काय? दोन्ही विकले. आता परत मागतायत.

सरळ समोर जाऊन विचारता आलं असतं. माणूस घरातला होता, चार पावलांवर उभा होता. पण तिला वाटलं, विचारलं आणि ते खोटं बोलले, तर उरलेलं आयुष्य एका छताखाली काढायचं कसं? आणि खरं बोलले, तर त्याहून कसं? आपलेच दात, आपलेच ओठ. त्यात भीती होती ती स्वतःबद्दलची. उद्या बिलं बाहेर येतील, सह्या बाहेर येतील, आणि लोक म्हणतील, डॉक्टर गेले आणि बायको-भावाने मिळून दवाखाना खाल्ला. नवऱ्याच्या नावावर आपल्या सहीने चिखल! या विचाराने तिला इतका राग आला की तिने चपला घातल्या आणि कुणाला न सांगता बाहेर पडली.

तपासनीस बाई बसस्टँडजवळच्या लॉजवर उतरल्या होत्या. वहिनी गेली तेव्हा त्या बादलीत मोजे धूत होत्या. दारात वहिनीला बघून त्यांना आश्चर्य वाटलं असावं, पण त्यांनी ओले हात पुसले आणि खुर्ची पुढे केली. खोलीत खुर्ची एकच होती, म्हणून त्या स्वतः पलंगाच्या कडेवर बसल्या.

“जनरेटर एकच आहे,” वहिनी बसायच्या आधीच म्हणाली.

“हो,” बाई म्हणाल्या.

“तुम्हाला कळलं?”

“वहिनी, परवा बंद केलेला सायलेन्सर आज भाजत नाही. पुढे बोला.”

वहिनीने सगळं सांगितलं. तीन बिलं, फोन, माडीवरची खोली. खोलीचं सांगताना तिची जीभ जरा अडखळली, पण सांगितलं. मग ती मुख्य गोष्टीवर आली, जिच्यासाठी ती एवढी चालून आली होती.

“माझी सही आहे सगळ्यांवर. पण मला यातलं काही माहीत नव्हतं. मी बघतच नाही. चेकबुक आलं की मी सगळ्या चेकांवर आधीच सही करून ठेवते, कोऱ्यांवर. पुढचं ते भरतात. मग माझा यात काय दोष, तुम्हीच सांगा.”

बाई हातातला टॉवेल घडी करत होत्या, त्या थांबल्या. सकाळपासून पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं.

“सगळ्या चेकांवर?”

“अख्ख्या पुस्तकावर. एका बैठकीत.”

“कधीपासून?”

“हे गेल्यापासून.”

बाईंनी टॉवेल बाजूला ठेवला. “तुम्ही हे मला सांगितलंत ना, ते मला लिहावं लागेल,” त्या म्हणाल्या. “तुम्ही आत्ता उठून गेलात, तरी मी ऐकलंच नाही असं मला म्हणता येणार नाही. कळतंय ना तुम्हाला?”

“लिहा ना! त्यासाठीच तर आले मी. लिहा म्हणजे मी सुटले.”

बाईंनी मान हलवली. ती हो होती की नाही ते वहिनीला समजलं नाही. रस्त्याने परत येताना मात्र तिला हलकं वाटत होतं. दात काढून आल्यावर वाटतं तसं, दुखेल नंतर, पण सुटलो एकदाचे.

दुसऱ्या दिवशी बाई दवाखान्यात आल्या त्या खुर्चीवरसुद्धा बसल्या नाहीत. “साहेब, बाकीचे दोन जनरेटर कुठे आहेत?” त्यांनी भावोजींना सरळ विचारलं. घाईमामाच्या हातातून फडकं पडलं.

भावोजी क्षणभर भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “चला, दाखवतो. वहिनी, तुम्हीपण चला.”

बाजाराच्या मागे इंजिनं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचं दुकान होतं. आत तेलाचा वास, आणि जमिनीवर पोत्यावर दोन जनरेटर पोटं उघडून पडलेले. एकावर निळ्यांचा नंबर कोरलेला, दुसऱ्यावर पांढऱ्यांचा. सुटे भाग ताटल्यांत मांडलेले.

“साहेब काल फोनवर म्हणतात, सकाळच्या आत दोन्ही दे,” मिस्त्री बाईंकडे तक्रार करू लागला. “आता उघडलेलं इंजिन काय देणार? म्हणतात, जसे असतील तसे दे. आणि दुसऱ्या मिस्त्रीकडे न्यायचे नाहीत, बोभाटा नको. पार्टचे पैसे द्या म्हणतो मी कधीपासून, तर तेही नाहीत.”

मग भावोजींनी सांगितलं, मान खाली घालून, शिक्षकांपुढे सांगावं तसं. निळ्यांचा जनरेटर आधी बंद पडला. दुरुस्तीला पैसे मागितले, तर निळे म्हणाले, नवीन वस्तू घ्यायची तरतूद आहे, दुरुस्तीची नाही. वस्तू निकामी झाली असं लिहून द्या, किंमत पुढच्या हप्त्यातून कापू. पांढऱ्यांचंही तेच. हप्ता कापला तर पगार कुठून द्यायचे? म्हणून जो चालू होता तोच सगळीकडे फिरवत राहिलो. वीज नसेल त्या वस्तीवर आणि पाहुणे येतील त्या वस्तीवर.

“ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर,” ते म्हणाले. “तिघांची डोकी वेगवेगळ्या दिवशी यायची, तोवर टोपी पुरत होती. तुम्ही सगळी डोकी एका दिवशी आणलीत.”

वहिनी त्या उघड्या इंजिनांकडे बघत होती. दोन्ही होते. विकले नव्हते, खाल्ले नव्हते. तिला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण पाठोपाठ लॉजवरची ती एकच खुर्ची तिच्या डोळ्यांपुढे आली.

बाईंना काही फार आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. दोन्ही नंबर उतरवून घेताना त्या म्हणाल्या, “मागच्या ठिकाणी एकच शिलाई मशीन तीन रंगांनी रंगवलेलं होतं. रंग ओला होता, माझ्या हाताला लागला. दुरुस्तीची तरतूद हवी असं मी तिघांनाही लिहीन. लपवलंत ते चूकच, पण त्यावर दवाखाना बुडणार नाही.”

भावोजींच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं वहिनीला स्पष्ट दिसलं. ते हसलेसुद्धा. दवाखान्यात परत येईपर्यंत घाईमामाशी थट्टा करत होते, टेम्पोला आता पेन्शन दे म्हणून.

“आता चेकबुक बघू,” बाई म्हणाल्या.

भावोजींनी कपाटातून दोन्ही बँकांची चेकबुकं आणून पुढे ठेवली. बाईंनी एकेक पान उलटलं. पुढचे सगळे चेक कोरे होते, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात वहिनीची सही होती, एकासारखी एक, वळणदार.

“ही सही कशासाठी असते, साहेब?”

“दुसरी सही,” भावोजी म्हणाले. “म्हणजे, एकट्याने पैसे काढू नयेत म्हणून.”

“मग इतकी वर्षं पैसे कोणी काढले?”

बाहेर पेशंट खोकत होते. भावोजी हळूहळू बाईंकडून वहिनीकडे वळले. चेकबुक तर दर वर्षी कुणी ना कुणी बघत आलं होतं. निळे त्यांच्या बँकेचं बघत, पिवळे त्यांच्या बँकेचं, वापरलेल्या चेकांचे नंबर जुळवत आणि जात. कोऱ्या पानांकडे कधी कुणी वळून बघितलं नव्हतं. आणि ह्या बाई तर थेट तिथेच आल्या. हे बाईंना कुणी सांगितलं, ते भावोजींनी वहिनीच्या चेहऱ्यावर वाचलं. वहिनीने मान खाली घातली.

शेरा महिन्याभराने आला. ‘धोका जास्त’. जनरेटरवर दोन ओळी होत्या, आणि दुरुस्तीसाठी तरतूद करावी अशी शिफारस. दुसऱ्या सहीवर दीड पान होतं. पैशांचा गैरवापर आढळला नाही असंही स्वच्छ लिहिलं होतं. पण गैरवापर झाला असता, तर तो थांबवायला कुणी नव्हतं, असं खाली होतं. आगाऊ पैसे बंद. सुधारणा करा, मग पुन्हा बघू.

व्हायचं तेच झालं. बिलं जायची, तपासली जायची, पैसे यायचे, पण सगळं बैलगाडीच्या चालीने. डिझेलवाल्याने उधारी तोडली. वीटभट्टीच्या सिस्टरने दोन पगार वाट बघितली आणि दुसरीकडे नोकरी धरली. तिच्या जागी यायला कुणी तयार होईना, तेव्हा भावोजींनी स्वतः जाऊन त्या उपकेंद्राला कुलूप लावलं. तिथल्या बाया आता पोरांना काखोटीला मारून नदीकाठापर्यंत चालत येत. त्यातली एक वहिनीला म्हणाली, “आमच्याकडचा बंद का केला हो?”

त्या दिवशी ती भावोजींपुढे जाऊन उभी राहिली. “मला वाटलं तुम्ही विकले,” ती म्हणाली. “मी घाबरले होते.”

“जनरेटरचं निभावलं होतं, वहिनी.”

“मला विचारायचं होतं तुम्हाला.”

“मग विचारायचं होतं.”

ते रागावले नाहीत. ते रागावले असते, ओरडले असते, तर तिने पाय धरले असते. ते पुन्हा कागदात डोकं घालून बसले.

नव्या पद्धतीत प्रत्येक चेकबरोबर बिल जोडून वहिनीपुढे ठेवायचं, तिने वाचायचं, आणि मगच सही. भावोजी पहिला चेक घेऊन आले तेव्हा टेबलासमोर उभे राहिले. तिने बसा म्हटलं, पण बसले नाहीत. बिल डिझेलचं होतं. तिने वाचलं. पुन्हा वाचलं. किती कॅन आले, कुठे ठेवले, विचारलं. भावोजींनी सांगितलं, मग बाहेर जाऊन घाईमामाला कॅन आणायला लावले, आणि एकेक तिच्यापुढे ठेवायला लावला. हे सगळं त्यांनी बिनबोभाट केलं. तिने सही केली. बाईंच्या पद्धतीने बघितलं तर ही तिच्या आयुष्यातली पहिली खरी सही होती.

असं चालू राहिलं. चेक येत, बिलं येत, ती वाचे. कधी चूक सापडली नाही. घरात मात्र भावोजी आता तिच्याशी बोलताना वाक्य पुरं करू लागले. पूर्वी अर्ध्या शब्दावर कळायचं, आता ते तारीख, वार, कारण सगळं सांगत. जाऊसुद्धा बाजारातून आली की पिशवी आधी तिच्यासमोर उपडी करी. वहिनी म्हणायची, अगं कशाला? जाऊ म्हणायची, असू दे हो ताई, बघून घेतलेलं बरं.

एक दिवस भावोजी चेकबरोबर आणखी एक जाडसर गठ्ठा घेऊन आले. नीट टाचलेला, तारखेवार लावलेला.

“हे कशाचं?” वहिनीने विचारलं.

“माडीवरच्या खोलीचं. विटांची पोच आहे, मेव्हण्याने दिलेली. लाकूड जुन्या शेडचं, त्याचा कागद आहे. गवंड्याची मजुरी माझ्या पगारातून, बँकेचा उतारा मागे जोडलाय.”

लॉजवर बोललेलं त्यांना कुणी सांगितलं? बाईंनी? पण सांगायला कशाला हवं होतं! जावेला तिने विटांचं विचारलं होतं, आणि नवरा-बायको एकमेकांशी बोलतात.

“भावोजी, हे मला नको,” ती म्हणाली. “घरातलं आहे हे.”

“वाचून घ्या,” ते म्हणाले, आणि गेले.

तिने वाचलं. वाचायचं नाही असं ठरवूनसुद्धा वाचलं. एकेक कागद उलटताना ती आकडे मनात जुळवत होती, आणि ते तिच्या लक्षात आलं तेव्हा तिला रडू आलं. सगळं बरोबर होतं. एका पैशाचीही चूक नव्हती.

शेवटच्या पानावर, डिझेलच्या बिलावर असते तशीच, खाली रेघ मारलेली होती. डावीकडे भावोजींची सही होती. उजवीकडे त्यांनी दुसऱ्या सहीची जागा कोरी सोडली होती.

वहिनी पेन हातात धरून त्या जागेकडे बघत बसली. स्वयंपाकघरातून जावेने जेवायला हाक मारली, एकदा, दोनदा. पूर्वी तिसरी हाक मारायला भावोजी स्वतः दारात येत, ‘चला वहिनी, तुमच्यामुळे आम्ही उपाशी’ म्हणत. आज ती तिसऱ्या हाकेची वाट बघत राहिली. आतून ताटं मांडल्याचा आवाज आला, मग पाट सरकवल्याचा, आणि मग ते दोघं जेवायला बसले.